दयेचं चित्र आणि शेतकऱ्याचं दुखणं

जबलपूर जिल्ह्यात मझौली नावाचं गाव आहे. तिथल्या विष्णुवराह मंदिरात कलचुरी काळातला पशुरूपी वराह आहे आणि त्याच्या अंगावर देवदेवतांच्या लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. यात नवल नाही. शेकडो वर्षं आपल्याकडे कलेत पहिला मान देवांचा आणि दुसरा राजांचा होता. गुरं राखणारा पोरगा, पाणी भरणारी बाई, वाटेवरचा भिकारी हे सगळे मंदिरांच्या आणि लेण्यांच्या भिंतींवर दिसतात, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं म्हणून. त्यांचं स्वतंत्र चित्र काढावं, ते सोनेरी चौकटीत बसवावं आणि कुणीतरी पैसे मोजून विकत घ्यावं, ही रीत आपल्याकडे फार जुनी नाही. युरोपात ती सतराव्या शतकात डच चित्रकारांनी रुळवली. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, तिला बहर आला. तिथून ती बोटीनं मुंबईत उतरली आणि मराठी चित्रकलेत मुरली.

या चित्रांचा आवडता विषय होता खेड्यातलं रोजचं जगणं आणि त्यातला माणुसकीचा ओलावा. आजही ती पाहताना जीव हळहळतो. पण पाहणाऱ्याला हळहळायला लावताना ही चित्रं काय दाखवतात आणि काय झाकून ठेवतात, हे समजून घेतलं की त्यांची खरी किंमत कळते. त्यासाठी इंग्लंडपासूनच सुरुवात करू.

इंग्लंडमध्ये त्या काळात गिरण्या, खाणी आणि आगगाड्या यांतून पैसा कमावलेला नवा मध्यमवर्ग उभा राहिला होता. त्याच्या दिवाणखान्यात ग्रीक देवतांपेक्षा ओळखीची माणसं शोभत. शहर धुरानं काळवंडत चाललं होतं आणि खेडं मागं पडत होतं, त्यामुळे खेड्याची ओढही वाढली होती. लंडनच्या रॉयल अकॅडमीत दरवर्षी प्रदर्शन भरे, तिथं एखादं चित्र गाजलं की त्याच्या छापील प्रती निघत आणि ते घरोघर पोचे.

अशा चित्रांतलं एक बारकाईनं पाहण्यासारखं आहे. जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराचं ‘आंधळी मुलगी’ हे चित्र १८५६ मध्ये पुरं झालं. आज ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. नुकताच पाऊस पडून गेला आहे. मागं आभाळ अजून काळं आहे आणि त्यावर दुहेरी इंद्रधनुष्य उमटलं आहे. हिरवंगार कुरण उन्हानं चमकतंय, दूर गुरं चरताहेत, गवतात कावळे टिपताहेत. पुढं रस्त्याकडेला दोन मुली बसल्या आहेत. मोठी आंधळी आहे. तिच्या मांडीवर भात्याचं एक छोटं वाद्य आहे. ते वाजवून ती पोट भरते. गळ्यात कागद लटकतोय, त्यावर आंधळ्यावर दया करण्याची विनंती लिहिली आहे. धाकटी तिच्या शालीत शिरून बसली आहे आणि मान वळवून इंद्रधनुष्य पाहते आहे.

चित्राचं मर्म बारकाव्यांत आहे. मोठीच्या शालीवर एक फुलपाखरू येऊन बसलंय आणि तिला त्याचा पत्ता नाही. तिचा चेहरा उन्हाकडे वळलेला आहे, एका हाताची बोटं गवताची काडी चाचपताहेत आणि दुसऱ्या हातात धाकटीचा हात आहे. जे दिसत नाही ते ती ऊन, ओला वास आणि स्पर्श यांतून घेते आहे. डोळस माणसाला जे सगळं सहज मिळालं आहे ते तिला नाही, हे चित्रकारानं एकही अश्रू न दाखवता पाहणाऱ्याच्या मनावर ठसवलं आहे. एक गंमतही यात आहे. दुहेरी इंद्रधनुष्यात बाहेरच्या कमानीचे रंग आतल्या कमानीच्या उलट क्रमानं असतात. मिलेनं आधी दोन्हींचा क्रम सारखाच रंगवला होता. चूक कुणीतरी दाखवून दिल्यावर त्यानं ती सुधारली. निसर्ग जसा आहे तसाच रंगवायचा, यावर या पिढीचा इतका कटाक्ष होता.

चित्रात दया आहे, पण दया करणारं कुणी नाही. रस्ता मोकळा आहे. कागदावरची विनंती चित्राबाहेर उभ्या असलेल्या आपल्याला उद्देशून आहे. इथंच या प्रकारच्या चित्रांची ताकद आहे आणि मर्यादाही. पाहणाऱ्याच्या मनाला पाझर फुटतो, तो खिशातून एखादं नाणं काढतो. पण ही पोर रस्त्यावर का आली, हा प्रश्न चित्र विचारत नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांसंबंधीच्या कायद्यानं धडधाकट गरिबांना घरपोच मिळणारी मदत आखडून ‘वर्कहाउस’ची वाट दाखवली होती. तिथं नवरा, बायको आणि मुलं यांना वेगवेगळं ठेवत. सुंदर कुरणाच्या चित्रात या इमारतीला जागा नव्हती.

मदत आणि हक्क यांत फरक असतो आणि तो शेतात सगळ्यात चांगला दिसतो. कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेल्या लोंब्या आणि कणसं गोरगरिबांनी वेचायची, याला आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात. ज्याचं शेत तो सरवा वेचणाऱ्याला हाकलत नसे, कारण गावाच्या रीतीनं तो त्याचा वाटा होता. इंग्लंडमध्येही असाच रिवाज होता, पण १७८८ मध्ये तिथल्या न्यायालयानं निकाल दिला की असा कोणताही कायदेशीर हक्क नाही. त्यानंतर सरवा वेचू देणं ही मालकाची मेहेरबानी झाली. फ्रेंच चित्रकार मिये यानं १८५७ मध्ये सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. त्यांच्या पाठी वाकलेल्या आहेत आणि मागं, लांबवर, गाड्या भरभरून पीक चाललं आहे. हे चित्र पॅरिसमधल्या बड्या लोकांना खटकलं. गरिबी दाखवली याला त्यांची हरकत नव्हती. गरिबीच्या मागं श्रीमंतीही दाखवली, हे त्यांना सहन झालं नाही.

खेड्यातल्या माणुसकीचं दुसरं गाजलेलं इंग्रजी चित्र म्हणजे ल्यूक फिल्ड्स यांचं ‘डॉक्टर’. साखरेचे व्यापारी हेन्री टेट यांनी ते काढवून घेतलं आणि १८९१ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लागलं. झोपडीवजा घरात दोन खुर्च्या जोडून त्यावर आजारी मूल निजवलं आहे. डॉक्टर हनुवटीला हात लावून त्याच्याकडे एकटक पाहतोय. मागं आईनं टेबलावर डोकं टेकलं आहे आणि बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरकडे पाहतोय. दिव्याचा उजेड आहे, आणि खिडकीतून पहाटेचा फिका उजेड आत येऊ लागला आहे. रात्र निभावली, हे चित्रकारानं एवढ्यातून सांगितलं आहे. फिल्ड्स यांचा स्वतःचा मुलगा १८७७ च्या नाताळात दगावला होता. त्या वेळी डॉक्टरांनी केलेली शुश्रूषा त्यांच्या मनात घर करून राहिली होती.

या चित्राचं पुढं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेनं डॉक्टरांच्या सन्मानार्थ टपाल तिकिटावर ते छापलं. दोनच वर्षांनी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं सरकारी आरोग्य विम्याच्या योजनेविरुद्ध मोहीम उघडली आणि हेच चित्र भित्तिपत्रकांवर झळकवलं. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये सरकारनं पडू नये, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या बापाकडे डॉक्टरची फी द्यायला पैसे नसणार, त्याच्याच चित्राचा वापर गरिबाला फुकट उपचार नकोत हे सांगायला झाला. दयेचं चित्र ज्याच्या हातात असतं त्याची बाजू घेतं.

आता मुंबईकडे वळू. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८६५ मध्ये तिथं जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिकवायला आले. ‘जंगल बुक’ लिहिणारे रुडयार्ड हे या किपलिंगांचे चिरंजीव, जन्म मुंबईचाच. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी शेतकरी आणि बाजार यांची उठावशिल्पं घडवली. इंग्लंडच्या दिवाणखान्यांत टांगला जाणारा विषय मुंबईत भाजीबाजाराच्या दारावर, भर रहदारीत आला.

ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. मुंबईतली साधी माणसंही त्यांच्या चित्रांत आली. त्यांचे शिष्य पेस्तनजी बोमनजी यांनी पारशी घरातलं शांत, घरगुती जगणं रंगवलं. शिकवण्याची पद्धत मात्र लंडनची होती. आधी प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा सराव, मग समोर बसवलेल्या माणसावरून. महाराष्ट्रातल्या मुलांनी शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचं मूळ याच शिक्षणात आहे. त्या परीक्षेतला स्मरणचित्राचा कागद आठवून पाहा. भाजीबाजार, पाणवठा, बसथांबा, जत्रा. रोजच्या जगण्याचं चित्र काढता यायला हवं, ही अपेक्षा आपल्या पोरांच्या गळी एकोणिसाव्या शतकानं उतरवली.

ही रीत ज्यांनी पूर्णपणे मराठी केली ते महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० मध्ये ते जे. जे. मध्ये शिकायला आले, तिथंच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचं नाव याच हिशेबातलं आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ ची. तिच्या १८९५ च्या प्रदर्शनात धुरंधरांच्या घरगुती विषयावरच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्यांनी पुस्तकांसाठी, पोस्टकार्डांसाठी, जाहिरातींसाठी हजारो चित्रं काढली. नऊवारीचा काष्टा जातीजातीत कसा बदलतो, कोळीण टोपली डोक्यावर कशी पेलते, कोणतं पागोटं कुणाचं, हे त्यांच्या कुंचल्याला तोंडपाठ होतं. गोऱ्या चित्रकारासाठी ही माणसं नमुने होती. धुरंधरांसाठी ती शेजारीपाजारी होती. त्यांच्या चित्रातली बाई पाहणाऱ्याच्या दयेची वाट पाहत नाही. ती आपल्या कामात असते.

धुरंधरांनी चित्रं काढलेल्या पुस्तकांत ब्रिटिश अधिकारी किंकेड यांचं १९१४ मधलं, आपल्या व्रतांच्या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तक आहे. त्यात श्रावणी सोमवारची कहाणीही आहे. आटपाट नगरच्या राजानं महादेवाचा गाभारा दुधानं भरायचं ठरवलं आणि गावातलं सगळं दूध देवळात आणायचा हुकूम सोडला. घरोघरची पोरंबाळं आणि वासरं उपाशी राहिली, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीनं मात्र आधी लेकरांना पाजलं, वासरांना सोडलं आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं, तेव्हा गाभारा भरला. शेतकऱ्याच्या घरची माणुसकी सांगणारी याहून नेमकी गोष्ट शोधून सापडणार नाही. आणि ती मिलेच्या चित्राच्या एक पाऊल पुढं जाते. म्हातारीची माया सांगतानाच कहाणी हेही सांगते की दूध कमी पडलं ते राजाच्या हुकुमामुळे.

नेमका हाच मुद्दा त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, जोतिराव फुले मांडत होते. मुंबईत किपलिंग आणि ग्रिफिथ्स शेतकऱ्याला दगडात आणि रंगात बसवत असताना दख्खनचा शेतकरी बुडत होता. शेतसारा रोख भरायचा, पीक आलं तरी आणि बुडालं तरी. पैसा सावकाराकडून घ्यायचा आणि व्याज फेडता फेडता जमीन त्याच्या घशात जायची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे लोण पसरलं आणि ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. १८७६ मध्ये दुष्काळ सुरू झाला आणि दोन वर्षं हटला नाही. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी जोतिरावांना त्या भागातल्या दुष्काळाची हकिगत कळवली आहे. फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र घातलं. त्याचं नाव होतं ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’. राणीच्या नावानं खेड्यात उभी राहिलेली खरीखुरी दया पाहायची तर ती इथं दिसते. शिवाय ती देणारे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत.

१८८३ मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात गांजलेल्या शेतकऱ्याचं, त्याच्या घराचं आणि घरातल्या माणसांचं जे वर्णन आहे, ते कोणत्याही चित्रकारानं हेवा करावा इतकं बारीक आहे. फरक असा की फुले त्या घरातून बाहेर पडून सारा, सावकार, कोर्टकचेरी, सरकारी अधिकाऱ्यांची लाचलुचपत आणि शिक्षणाचा अभाव यांचा माग काढत जातात. शेतकऱ्याचं दुखणं कशानं झालं, याचं निदान ते मांडतात.

आणि एकदा तर त्यांनी स्वतःचंच चित्र करून दाखवलं. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी समारंभ ठेवला होता. सगळे प्रतिष्ठित दागदागिने आणि भरजरी कपडे घालून आले. फुले शेतकऱ्याच्या वेशात आले. इथं जमलेल्या नटलेल्या लोकांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिची स्थिती तिथं जाऊन पाहा आणि राणीला कळवा, असं त्यांनी ड्यूकना तोंडावर ऐकवलं. लंडनच्या प्रदर्शनात खेडूत पाहून हळहळणाऱ्या राजघराण्यापुढं खेडूत स्वतः येऊन बोलला.

मराठी चित्रकाराला ही दृष्टी पडद्यावर आणायला आणखी काही वर्षं लागली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. १९२५ मध्ये त्यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. खेड्याचं देखणं चित्र आणि त्या खेड्याच्या मोडण्याचं कारण, दोन्ही एकाच चौकटीत आली.

पण एवढ्यावरून व्हिक्टोरियन काळातली चित्रं टाकाऊ ठरत नाहीत. आंधळ्या भिकारणीला, झोपडीतल्या पोराला, पाणी भरणाऱ्या बाईला त्यांनी कलेच्या मधोमध आणून बसवलं, आणि हे काही लहानसहान काम नव्हे. आधी माणूस दिसावा लागतो, मग त्याचं दुखणं. पण असं चित्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत. मदत कुणाला लागते आहे? ती कोण करतो आहे? आणि ती लागावी अशी वेळ का आली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा चित्रात मिळतात. तिसऱ्याचं उत्तर बाहेर शोधावं लागतं.

ते शोधायला फार लांब जायचं कारण नाही. धुरंधरांची चित्रं साताऱ्याजवळ औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आहेत. किपलिंग यांची शेतकऱ्यांची शिल्पं क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर आहेत आणि त्या मार्केटचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असं आहे. तिथं भाजी-फळं घ्यायला गेलात तर आधी ती शिल्पं पाहा आणि घरी आल्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचा. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.